मदत हवी आहे: घोट्यासाठी लेसवाला ब्रेस (घोट्याला आधार देणारं वेष्टन) की कडक पट्ट्यांचा?
मंडळी, मी व्हॉलीबॉल खेळते आणि उजवा घोटा सारखा मुरगळतो, ब्लॉक करून खाली येताना कुणाच्या पायावर पाय पडला की झालंच, पाऊल आत वळतं. फिजिओ म्हणाले हाड ठीक आहे पण बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) सैल पडलंय. सध्या टेप लावते पण घाम आला की तो ढिला होतो, नंतर नुसता शोभेला, आणि कातडी सोलवटते ती वेगळीच. म्हणून ब्रेस घ्यायचाय. साधा इलॅस्टिकचा मोजा सुचवू नका प्लीज, त्याने सूज दबते पण पाय वळायचा थांबत नाही. लेसवाला बुटात नीट बसतो म्हणतात, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला जास्त घट्ट धरतो, पण त्यात उडी मारताना अडकल्यासारखं होतं का? बूट मोठा घ्यावा लागतो का? एका पायावर तोल सांभाळायचे आणि रबर बँडचे व्यायाम चालूच आहेत, ते सोडणार नाहीये. ब्रेसने स्नायू कमजोर होतात असं टीममधले सांगतात, मला काही ते पटत नाही. कुणी पूर्ण सीझन वापरलाय का? आणि सरावाला पण लावता की फक्त मॅचला?