संगणक सुरक्षेच्या हमीपत्रावर सही करावी का? (मदत हवी आहे)

अंधेरीकर: आमच्या कार्यालयाने सर्वांना एक हमीपत्र दिले असून, ‘माझ्या लॉगिनवरून झालेल्या कोणत्याही नुकसानीची भरपाई माझ्या पगारातून करून घेण्यास माझी हरकत नाही’, असे वाक्य त्यात आहे. शुक्रवारपर्यंत सही हवी आहे. करावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

खतावणी: आपण कोणते काम करता, लॉगिन आपल्या एकट्याचे आहे का आणि हे हमीपत्र आत्ताच का निघाले, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अंधेरीकर: लेखा विभागात आहे. टॅलीचे (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे) लॉगिन आम्हा सर्वांचे एकच असून पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली आहे, पण ते सगळीकडेच असते. गेल्या महिन्यात पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशी मेल आली आणि रक्कम भलत्याच खात्यात गेली. ती रक्कम मी पाठवलेली नाही.

खतावणी: अहो, मुख्य गोष्ट हीच! 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. पण सगळे एकाच नावाने आत शिरत असतील, तर त्या नोंदीवरून कोणाचा हात होता हे कसे ठरणार? आधी स्वतंत्र लॉगिन मागा.

जुना_पेन्शनर: सर्व संगणकांवर लिनक्स ही संगणक प्रणाली टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायनवाला: लिनक्सवर काय बनावट मेल येत नाहीत? आणि सगळा दोष मालकावर ढकलणेही मला पटत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचणे, आणि खाते बदलल्याचे कळताच मेलमधल्या नव्हे, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर पुरवठादाराला फोन करणे, हे कर्मचाऱ्याचेच काम आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार केली का?

अंधेरीकर: ते साहेबांना ठाऊक. सहीचे सांगा.

वकीलसाहेब_ठाणे: वेतन संहिता 2019 या कायद्यानुसार नुकसानीपोटी कपात करायची, तर ते नुकसान थेट त्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झालेले असावे लागते, त्याला आधी बाजू मांडू द्यावी लागते आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त करता येत नाही. ‘कोणत्याही’ हा शब्द खोडून ‘चौकशीत माझ्या हलगर्जीपणामुळे झाल्याचे सिद्ध झालेल्या’ असे लिहा, सामायिक लॉगिनची बाब ई-मेलने कळवा आणि पोच मिळाल्यावरच सही करा.