नागपूरचा इतिहास पुस्तकांतून: कुठे अडतं, कसं सुटतं?

गॅझेटियर (सरकारी जिल्हा-माहितीग्रंथ), बखरी, जुने अहवाल वाचताना नागपूरकर वाचक कुठे ठेचकाळतो आणि वाट कशी काढायची, ते लिहा. आवड कशी लागली ते राहू द्या, कामाचं सांगा, असं वाचकांना विचारलं होतं. खाली त्यांची उत्तरं, प्रत्येकावर लिहिणाऱ्याच्या वस्तीचं नाव.

महाल
आधी नावांची वही करा. पुस्तकात जुम्मा तलाव येतो, आज तो शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर. जुम्मा दरवाजा म्हणजे आताचं गांधी गेट. डावीकडे पुस्तकातलं नाव, मधे आजचं, उजवीकडे पुस्तक आणि पान. पान लिहायचा कंटाळा केला की महिन्याभराने तीच नोंद पुन्हा शोधत बसावं लागतं.

धंतोली
सनांचा घोळ सर्वांत जास्त. मराठी कागदांत सुहूर सन (अरबी अंकनावांची जुनी कालगणना) अक्षरी असतो आणि एकं आधी येतात. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे २ + ७० + १०० + १०००, झाले ११७२. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेच्या तारखेला ६००. म्हणजे ११७२ चा माघ १७७२ मध्ये पडतो. शेजारी शक दिला असेल तर पडताळा घ्या: शके १६९३, माघ; माघ येतो तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून ७८ नव्हे, ७९ मिळवायचे. आलं ना १७७२? दोन्ही जुळत नसतील तर बहुतेक वेळा अक्षरी सन वाचताना चूक झालेली असते. सबा (७) आणि सबैन (७०) यांत हमखास गफलत होते.

सीताबर्डी
हद्दी बघा हो! वर्धा जिल्हा नागपुरातून १८६२ साली वेगळा झाला. त्याआधीचा आकडा रसेलच्या १९०८ च्या नागपूर जिल्हा गॅझेटियरशेजारी ठेवला तर जिल्हा घटल्यासारखा वाटतो. इंग्रज अधिकारी जेंकिन्सच्या १८२७ च्या अहवालात तर ‘नागपूर’ कधी शहर, कधी परगण्यांचा जिल्हा, कधी छत्तीसगड धरून अख्खं राज्य. वाक्यागणिक ठरवावं लागतं. आणि १९५६ पर्यंत आपण मुंबईत नव्हतोच. सूचीत ‘महाराष्ट्र’ खाली काही सापडलं नाही तर ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ खाली बघा.

इतवारी
वरच्या जेंकिन्सबद्दल एक. नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत तो नागपूर दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट (प्रतिनिधी) होता, म्हणजे एका बाजूचा माणूस. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्यावरचं त्याचं मत जपूनच घ्यावं. बरं, काशीराव गुप्त्यांची भोसल्यांची बखर त्याच्याच सांगण्यावरून लिहिलेली. तेव्हा दोन्हीकडे तीच हकीकत सापडली म्हणून ‘दोन पुरावे’ मोजू नका. पेशवे दफ्तरातली किंवा वकिलांची (दरबारी दूतांची) पत्रं तिसरी म्हणून लावा.

सदर
स्कॅन केलेल्या प्रतींत घडीचे नकाशे बहुधा न उलगडताच टिपलेले असतात, त्यासाठी कागदी प्रतच गाठावी लागते. शोधखिडकीत एकच स्पेलिंग देऊन थांबू नका: नागपूरच्या शेवटी ‘पोर’ही असतं, ‘पूर’ही, कामठी ‘कॅम्प्टी’ म्हणून येते. यंत्राने अक्षरं ओळखताना जुन्या छापातला लांब ‘एस’ ‘एफ’ होतो, म्हणून १८०० च्या आधीच्या छापात ‘भोसले’सारखं नाव शोधताना मधल्या ‘एस’च्या जागी ‘एफ’ही घालून पाहा. जाड बांधणीची प्रत झेरॉक्सच्या काचेवर दाबली की पाठ फुटते. मोबाइलने, फ्लॅश बंद ठेवून, पुस्तक पाऊणच उघडून फोटो घ्या.