अनुभव धागा : 'असाच आहे तो' की 'काहीतरी झालं असेल'?

परवा एक पोरगा मीटिंगला चाळीस मिनिटं उशिरा आला. कॉलवरची अमेरिकन मॅनेजर म्हणाली, बेजबाबदार आहे. आमच्या टेबलावर मात्र, "सेंट्रल बोंबलली असेल," "आई आजारी आहे ना त्याची."

मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास आठवला. ओळखीच्या माणसाच्या चांगल्या-वाईट वागण्याचं कारण विचारलं, तर शिकागोची मोठी माणसं जास्त करून स्वभाव सांगायची, म्हैसूरची परिस्थिती. आठ वर्षांच्या मुलांत मात्र फारसा फरक नाही. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे हे शिकलेलं. तुम्ही कुठे शिकलात? लिहा.

लालबागकर
चाळीत. १९८२ चा संप, घरी बसलेल्या अडीच लाख कामगारांत आमचे वडीलही. समोरच्या खोलीतले काका रोज पिऊन यायचे, शिव्या, भांड्यांची आदळआपट. आई दार ओढून घ्यायची. "गिरणीच बंद, माणूस करील काय?" सकाळी काकूंकडे वाटीभर आमटी माझ्याच हाती जायची, वर पदर झाकून... म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. त्याच मजल्यावर बाहेरून आलेलं एक कुटुंब होतं. तो माणूस एकदाच पिऊन आला. आई म्हणाली, "तसलेच असतात ते." त्याचंही काम सुटलं होतं. आमटी गेली नाही.

खिडकीची जागा
आमच्या घरी 'स्वभावाला औषध नाही' दिवसातून दोनदा. म्हैसूरला म्हणत नसावेत.
बाकी नियम सोपा : भाऊ चिडला तर ऑफिसचं टेन्शन, वहिनी चिडली तर स्वभाव.

चौथी सीट
लेडीज डबा. "गाडी विकत घेतलीय का?" पासून सुरू झालेलं, आई-बाप निघाले. ठाण्याला एकीचा फोन वाजला, "ॲडमिट केलं?" एवढंच ऐकू आलं. जिच्याशी भांडत होती तीच उठली, "बस गं." आणि कल्याणपर्यंत तिची बॅग मांडीवर... छे, ही उभी, बॅग खांद्याला. चुकून लिहिलं.

नवा भाडेकरू
आमची पाळी स्वभावापर्यंत येतच नाही. एजंट आधी आडनाव विचारतो, मग मालकाचा 'विचार बदलतो'. सहा घरं झाली. शेवटी कुर्ल्याला मिळालं. मालकिणीचा पहिला प्रश्न : "पाणी पहाटे साडेपाचला येतं. उठशील ना?"