‘निगेटिव्ह प्रेशर’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
त्वचारोपण झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘निगेटिव्ह प्रेशर वूंड थेरपी’पाशी (जखमेवर स्पंज ठेवून, वरून प्लास्टिकची फिल्म चिकटवून, यंत्राने आतली हवा खेचत राहण्याचा उपचार) गाडी अडली. जुन्या मसुद्यात ‘नकारात्मक दाब जखमोपचार’ असं आहे. ‘ऋण दाब’ चालेल का? की सरळ ‘निर्वात’?

प्रतिसाद
‘नकारात्मक’ काढाच. विचार नकारात्मक असतो, दाब नव्हे. ‘ऋण’ भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभतं, पण दवाखान्यात बसलेल्या माणसाला ऋण म्हटलं की कर्ज आठवतं, आणि तिथे ती काळजी आधीच असते. ‘निर्वात’ तर चूकच. यंत्र बहुधा उणे १२५ मिलिमीटर पाऱ्यावर लावतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६०, म्हणजे पट्टीखाली ६३५ उरतोच. हवा विरळ होते, संपत नाही. माझं मत ‘कमी दाब’ला. पावसाळ्याच्या बातम्यांतला ‘कमी दाबाचा पट्टा’ सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे.

प्रतिसाद
वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. ‘कमी दाब’ म्हटलं की नातेवाईक लगेच विचारतात, “बीपी लो झालं का?” निदान ‘हवेचा’ तरी जोडा. आमच्याकडे सगळे ‘व्हॅक लावलाय’ म्हणतात. मुळात ते एका कंपनीचं व्यापारनाम. अमेरिकेत अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी १९९७ साली या पद्धतीवरचे लेख छापले, तेव्हापासून ते नाव रुळलं.

पण ताई, खरी अडचण वेगळीच आहे. उघड्या जखमेवर हे यंत्र स्राव ओढून घेतं, म्हणून तिथे ‘शोषण’ हा शब्दही बरोबर बसला असता. रोपणावर मात्र त्याचं मुख्य काम कातडी दाबून धरण्याचं. मांडीवरून काढलेल्या पातळ कातडीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जोडल्या जातात, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रक्त नीट खेळू लागतं. एवढ्यात खाली रक्त किंवा पाणी साठलं, किंवा कातडी जरा जरी सरकली, तर ती मरते. हवा खेचली की स्पंज आकसतो, खड्ड्या-उंचवट्यांवर चपखल बसतो, आणि बाहेरची हवा वरच्या फिल्ममधून त्याला खाली दाबते. म्हणजे नावात ‘उणा’, आणि कातडीला मात्र दाब ‘अधिक’! पूर्वी हेच काम कापसाचा बोळा वर ठेवून टाक्यांच्या दोऱ्यांनी बांधून करत, अजूनही करतात. पण काख, मान, सांधा अशा हलत्या, वाकड्यातिकड्या जागी बोळा सैल पडतो. तिथे व्हॅकचा फार उपयोग होतो.

म्हणून शब्दात ‘धरून ठेवणं’ यायला हवं. नातेवाइकांचा प्रश्नही तोच असतो: “कातडी धरली का?”

विचारणा करणारी
हे फार मोलाचं सांगितलंत. मग शीर्षक ‘हवा खेचून घट्ट बसवलेली पट्टी’ करते, आणि खाली एकदाच ‘डॉक्टर याला व्हॅक म्हणतात’. पहिलं वाक्य असं: ‘नवी कातडी जागेवरून हलू नये आणि तिच्याखाली पाणी साठू नये, म्हणून ही पट्टी लावली आहे.’ ‘थेरपी’ गाळली तर चालेल ना?

प्रतिसाद
गाळा. ‘पट्टी’त सगळं येतं. फक्त दोन गोष्टी घाला. रोपणावर खेच सतत चालू ठेवतात, त्यामुळे यंत्र मनाने बंद करू नये. आणि चालू असताना स्पंज कडक, सुरकुतलेला दिसतो. तो मऊ पडून फुगला किंवा कडेने हवेचा सूं आवाज आला, तर फिल्म सुटली आहे. तेव्हा वरून स्वतः चिकटपट्टी न लावता लगेच सिस्टरला बोलवावं. ‘गळती’ हा शब्द इथे नको. लोक रक्त गळतंय असं समजून घाबरतात. ‘हवा निसटते आहे’ असं लिहा.