जुना लॅपटॉप सीडी वाचतो पण डीव्हीडी घेत नाही, ड्राइव्ह गेला का?

कुडाळची_रानजाई

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमच्याकडे २०१० च्या सुमाराचा लॅपटॉप आहे, विंडोज ७ होतं त्यावर, नंतर भावाने विंडोज १० टाकून दिलं, स्लो आहे पण चालतो. त्याचा डीव्हीडी रायटर आता त्रास देतोय. गाण्यांची सीडी टाकली की लगेच वाजते, मावशीच्या लग्नाची जुनी व्हीसीडी पण लागली, पण डीव्हीडी टाकली की आत फिरल्याचा आवाज येतो, मग टक टक, परत फिरते, परत टक टक, असं करून करून गप्प बसतो आणि स्क्रीनवर ‘डिस्क टाका’ असा मेसेज येतो. डिस्क आतच असते!

नुसत्या ड्राइव्हसाठी एवढी धडपड केली नसती, पण बाबांच्या डीव्हीडी आहेत. बाबा दशावतारात पखवाज वाजवायचे, २००६ ते २०१२ मधल्या जत्रांचे दहीकाले इथल्या एका शूटिंगवाल्याने घेतले आणि डीव्हीडीवर टाकून दिले. रात्रभराचं नाटक, त्यामुळे एकेका प्रयोगाच्या दोन-तीन डिस्क आहेत. त्याच्याकडे मूळ टेप आता नाहीत, म्हणजे जे काय आहे ते ह्या डिस्कवरच. बाबांचा हात आता थरथरतो, वाजवणं बंद झालंय, त्यांना ते बघायचंय आणि मला पुढच्या पोरांसाठी ठेवायचंय.

दुकानात नेला तर उघडूनसुद्धा न बघता ‘ड्राइव्ह मेला, पार्ट येत नाहीत, आता डीव्हीडी कोण वापरतं’ म्हणाले. खरंच मेला असेल का? मग सीडी कशी चालते?

बाइट_बहाद्दर

ताई हा रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींचा प्रॉब्लेम असू शकतो, विंडोज अपग्रेड केल्यावर खूप जणांना येतो. रेजएडिट उघडा, लोकल मशीनमध्ये सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास असं जा, तिथे ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी लांबलचक की दिसेल, तिच्यात उजव्या बाजूला अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स असतील तर त्या दोन्ही उडवा आणि रिस्टार्ट करा. आधी त्या कीचा एक्सपोर्ट घेऊन ठेवा म्हणजे बॅकअप राहील. नाहीच जमलं तर यूएसबीवाला एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या, महाग नसतो.

ठाण्याचे_सोल्डरकाका

बहाद्दर, तो उपाय बरोबर आहे पण ह्या दुखण्याचा नाही. फिल्टर्स बिघडले की ड्राइव्ह ‘धिस पीसी’ मधून गायबच होतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं आणि कोड १९ किंवा ३९ दाखवतो. जुनं बर्निंग सॉफ्टवेअर अर्धवट काढलं की असं होतं. इथे सीडी आणि व्हीसीडी व्यवस्थित लागतायत, म्हणजे विंडोजला ड्राइव्ह दिसतोय, केबल ठीक, मोटर ठीक. रजिस्ट्रीला हात लावू नका ताई, काही गरज नाही.

आता सीडी चालते आणि डीव्हीडी नाही हे कसं, तर ड्राइव्हमध्ये लेझर दोन असतात. सीडीला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि डीव्हीडीला ६५० चा लाल. दोघं बहुतेक वेळा एकाच लेन्समधून बाहेर पडतात पण डायोड वेगळे, त्यामुळे एक थकला तरी दुसरा धडधाकट राहू शकतो. पण लगेच लेझर गेला असं धरू नका, कारण दुसरी शक्यता जास्त साधी आहे. सीडीवरच्या दोन ट्रॅकमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीवर फक्त ०.७४, म्हणजे निम्म्याहून कमी. लेन्सवर तेवढीच धूळ बसली तरी सीडीला चालून जाते आणि डीव्हीडीला नडते. तुमच्याकडची दमट हवा आणि इतक्या वर्षांचा लॅपटॉप म्हटल्यावर मी आधी लेन्सच बघेन.

तो टक टक आवाज म्हणजे लेन्सची गाडी आतल्या टोकाला जाऊन परत परत फोकस शोधतेय, तिला डिस्कचा सुरुवातीचा भाग सापडत नाहीये.

त्याआधी दोन गोष्टी करून बघा आणि इथे सांगा. पहिली, लॅपटॉपच्या ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवून चालत नाही, मधल्या गोल खुंटीवर बारीक स्प्रिंगच्या पकडी असतात, ट्रेला खालून हाताचा आधार देऊन डिस्क भोकाजवळ दोन बोटांनी दाबायची, कट् असं ऐकू आलं पाहिजे. टेबलावरच्या पीसीची सवय असलेले लोक हे विसरतात. दुसरी, कंपनीची छापील डीव्हीडी, सिनेमाची वगैरे, ती लागते का बघा. घरी बर्न केलेल्या डिस्कवरचा सिग्नल छापील डिस्कपेक्षा कच्चा असतो, त्यातला रंग (ज्या थरात डेटा लिहिलेला असतो तो) जुना झाला की आणखी कच्चा. आणि विंडोज १० सोबत डीव्हीडी प्लेअर येत नाही म्हणून व्हीएलसी टाकून घ्या.

कुडाळची_रानजाई

काका खूप खूप धन्यवाद, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. डिस्क नीट दाबून बसवली, आवाज आला कट् असा. सिनेमाची डीव्हीडी लागली!! बराच वेळ घेतला, पण व्हीएलसीमध्ये चालली, मध्येच थोडी अडकते. बाबांच्या डिस्क मात्र अजून नाही. उजेडात धरल्या तर काही डिस्कवर पांढरट ठिपके आहेत, जाळीसारखे, आणि एकदोन डिस्कवर शूटिंगवाल्याने कागदाचं गोल स्टिकर चिकटवलंय, त्याची कड सुटलीय. लेन्स कशी साफ करायची ते सांगाल का, मला मोडायची भीती वाटतेय.

ठाण्याचे_सोल्डरकाका

छापील लागली म्हणजे लाल लेझर जिवंत आहे, चांगली बातमी.

सफाई अशी करा. लॅपटॉप बंद, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. हे नुसतं शिस्तीसाठी नाही, रायटरचा लेझर डोळ्याला वाईट, चालू ड्राइव्हमध्ये कधी वाकून बघायचं नाही. आता बटणाने ट्रे उघडणार नाही, म्हणून ट्रेच्या तोंडावर बारीक भोक असतं त्यात सरळ केलेली पेपर क्लिप घाला आणि सरळ आत दाबा, ट्रे बोटभर बाहेर येईल, मग हाताने हळू ओढा. खुंटीच्या बाजूला फटीत मसूर डाळीएवढी काच दिसेल, निळसर झाक असते, तीच लेन्स. ती अतिशय बारीक तारांवर तरंगत असते, बोट लावलं की खाली जाते, त्यामुळे जोर अजिबात नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं, आयपीए म्हणा, लगेच देतील. कानाच्या कापसाच्या काडीला जेमतेम ओल लागेल एवढंच घ्या, लेन्सवर एक हलका गोल फिरवा, मग कोरडी काडी तशीच फिरवा, आणि दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, थर बसतो. तोंडाने फुंकूही नका, थुंकीचे कण बसतात. ब्रशवाली क्लीनर सीडी मिळते ती मला पटत नाही, फिरता ब्रश लेन्सवर आपटतो.

यूट्यूबवर कुणी लेझरजवळचा छोटा स्क्रू फिरवून पॉवर वाढवायला सांगेल. ते करू नका. डायोड दोन दिवस जोरात चालतो आणि कायमचा जातो, आणि तुमच्याकडे तर न वाचल्या गेलेल्या डिस्कचा ढीग बाकी आहे.

मिरजेचा_रेकॉर्डवाला

काका ड्राइव्हचं बोलले, मी डिस्कचं बोलतो कारण इथे खरी घाई डिस्कची आहे. ड्राइव्ह आज ना उद्या दुसरा मिळेल, ह्या डिस्क दुसऱ्या मिळणार नाहीत. माझ्याकडे संगीत सभांच्या सीडी-डीव्हीडींचा मोठा साठा आहे, सगळं हार्ड डिस्कवर घेतोय, त्यावरून सांगतो.

ते पांढरं जाळीदार म्हणजे बुरशी. वरवर असेल तर निघते. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा थेंब टाका, डिस्क त्यात हलवा, साध्या पाण्याने धुवा आणि मऊ सुती कपड्याने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा. गोल गोल कधीच पुसू नका, कारण डेटा गोल फिरत गेलेला असतो आणि गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर लांबपर्यंत जातो, आडवा ओरखडा ड्राइव्ह भरून काढतो. टूथपेस्ट, थिनर, रॉकेल असलं काही नको. डीव्हीडीत डेटाचा थर मधोमध असतो, दोन्ही बाजूंना ०.६ मिलिमीटर प्लास्टिक, म्हणून ती धुतलेली सोसते. साध्या सीडीत तो थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथे वरून ओरखडा गेला की डेटाच गेला, म्हणून सीडी धुताना लेबलची बाजू घासायची नाही.

कागदी स्टिकर ओढून काढू नका ताई!! कड सुटलीय तिथे डिस्कचा तोल जातो, वेगात फिरताना डिस्क थरथरते आणि वाचता येत नाही, हे खरं आहे, पण ओढाल तर सोबत थर पण सोलवटेल. सुटलेला तुकडा लहान कात्रीने कापून टाका, बाकीचं राहू द्या.

आणि डिस्क लागली की बघत बसू नका, आधी कॉपी. चांगली डिस्क असेल तर व्हिडिओ_टीएस हा अख्खा फोल्डर कॉपी करा, एमपी४ वगैरे नंतर करता येईल. अडणारी डिस्क मात्र विंडोजमध्ये कॉपी करू नका, एका खराब जागेवर तासन् तास घुटमळतो आणि शेवटी सगळंच सोडून देतो. पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम) टाकून त्यावरून लॅपटॉप चालू करा, हार्ड डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम घ्या. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, खराब जागा सोडून पुढे जातो, मग मागे येऊन त्या जागा पुन्हा खोदतो. ब्लॉक साइज २०४८ द्या, डीव्हीडीचा सेक्टर तेवढ्या बाइटचा असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅप फाइल द्यायला विसरू नका, कुठलं वाचून झालं आणि कुठलं राहिलं ते तिच्यात लिहिलं जातं, आणि उद्या तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल दिली तर फक्त राहिलेल्या जागा वाचतो. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हे मी खूपदा पाहिलंय. व्हीसीडी आणि गाण्यांच्या सीडीला ही पद्धत चालत नाही, त्यांचे सेक्टर वेगळे.

पुण्याचा_पार्टवाला

पार्ट येत नाहीत हे चूक आहे. जुन्या लॅपटॉपच्या स्क्रॅपमधून हे ड्राइव्ह भरपूर मिळतात, फक्त दोन गोष्टी मोजून घ्या. जाडी १२.७ मिलिमीटर आहे की ९.५, आणि मागचा कनेक्टर. २०१० चा म्हणजे बहुतेक साटाच असेल, आणखी जुन्यांमध्ये आयडीई यायचा, ते एकमेकांना बसत नाहीत. लॅपटॉप उलटा करा, बहुतेकांना डिस्कचं चित्र असलेला एकच स्क्रू असतो, तो काढला की ड्राइव्ह बाजूला सरकून बाहेर येतो. समोरची प्लास्टिकची पट्टी आणि मागची छोटी पत्र्याची पट्टी जुन्यावरून काढून नव्यावर लावा.

एक्स्टर्नल घेणार असाल तर हब नको, थेट लॅपटॉपला लावा. जुन्या यूएसबी पोर्टला ५०० मिलिअँपियरच धरलेले असतात, सुरुवातीला डिस्क फिरवताना कमी पडतात, मग ड्राइव्ह टकटक करतो आणि माणूस समजतो हा पण खराब निघाला. दोन तोंडांची केबल मिळाली तर उत्तम.

कुडाळची_रानजाई

सगळ्यांना सांगायला आले. लेन्स साफ केली, काडीवर तपकिरी डाग आला, म्हणजे मळ होताच. डिस्क धुतल्या. आता बाबांच्या बऱ्याच डिस्क लागतायत, आणि २००८ च्या जत्रेची लागली तेव्हा बाबा जेवता जेवता उठून आले, संकासुराच्या प्रवेशाला पखवाज कसा बदलतो ते मला समजावून सांगत होते. ह्यापेक्षा काय हवं मला.

स्टिकरवाल्या दोन अडतायत. उबंटू भावाने पेनड्राइव्हवर टाकलंय, डीडीरेस्क्यू चालू आहे, मॅप फाइल दिलीय. एक विचारायचंय, कॉपी नीट झाली हे कसं ओळखायचं? रात्र-रात्रभराचं नाटक, सगळं बसून बघणं शक्य नाही.

मिरजेचा_रेकॉर्डवाला

वा, फार बरं वाटलं वाचून. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि बिघडते ती बहुतेक बाहेरच्या कडेकडून, कारण बोटं तिथे लागतात, थरथर तिथे जास्त आणि दमटपणा कडेतून शिरतो. म्हणून डिस्क भरलेली असेल तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं बघा. तिथे चित्र चौकोनी फुटलं नाही आणि आवाज तुटला नाही तर आधीचं बहुधा ठीक असतं. मध्ये दोन-चार ठिकाणी उड्या मारून बघा. डीडीरेस्क्यूवाल्या डिस्कचं शेवटी स्क्रीनवर किती टक्के निघालं ते येतं, ९९ च्या वर असेल तर क्वचित एखादा झटका सोडला तर नाटक अख्खं दिसेल.

दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्या घरी आणि एक भावाकडे. मूळ डिस्क फेकू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून उभ्या ठेवा. त्या दोन डिस्क नाहीच निघाल्या तर त्यांच्या इमेज (डीडीरेस्क्यूने केलेली डिस्कची कॉपी) आणि मॅप फाइल जपून ठेवा, पार्टवाला म्हणतायत तसा दुसरा ड्राइव्ह आला की तिथूनच पुढे चालू करा.