प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या राष्ट्रीय धोरणात पहिला निधी कशाला : औषधांवरील निर्बंधांना की रुग्णालयातील संसर्ग रोखण्याला?

(चौघांची चर्चा; प्रत्येकाचे नाव त्याची बाजू सांगते.)

शुश्रूषा (मूळ मांडणी)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धचा, म्हणजे जंतू प्रतिजैविक औषधांना दाद देईनासे होण्याविरुद्धचा, जागतिक कृती आराखडा स्वीकारला आणि सदस्य देशांनी दोन वर्षांत आपापले राष्ट्रीय आराखडे तयार करावेत, असे ठरले. त्या आराखड्यात जनजागृती, देखरेख व संशोधन, संसर्ग कमी करणे, औषधांचा योग्य वापर आणि नव्या उपायांसाठी गुंतवणूक अशी पाच उद्दिष्टे आहेत. कागदावर पाचही सारखीच दिसतात. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी जाहिराती आणि औषधविक्रीवरचे नियम पुढे जातात, तर ‘संसर्ग कमी करणे’ हे उद्दिष्ट रुग्णालयांच्या सदिच्छेवर सोडून दिले जाते, कारण त्यासाठी पाणी, माणसे, जागा आणि प्रयोगशाळा लागतात व हा खर्च दरवर्षी करावा लागतो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. राष्ट्रीय धोरणातला पहिला निधी आणि पहिली जबाबदारी रुग्णालयजन्य संसर्ग रोखण्याकडे गेली पाहिजे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधी जंतूंमुळे झाले आणि ४९.५ लाख मृत्यूंशी प्रतिरोधाचा संबंध होता, असा अंदाज आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेनुसार कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असे साडेसात लाख मृत्यू दरवर्षी केवळ संसर्ग-प्रतिबंध, स्वच्छ पाणी व लसीकरण यांमुळे टळू शकतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा, म्हणजे ३ लाख ३७ हजार, आरोग्यसंस्थांमधील संसर्ग-नियंत्रणाचा आहे. जो संसर्ग झालाच नाही, त्यासाठी कोणतेही औषध लिहावे लागत नाही. वापर कमी करण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी दिसत नाही.

हे काम किती साधे आणि तरीही किती कठीण आहे, ते अतिदक्षता विभागात मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना दिसते. हात धुणे, रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादरीने झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसणे, जांघेतली शीर शक्यतो टाळणे आणि गरज संपताच नळी काढून टाकणे अशा या पाच गोष्टी आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हे पाच टप्पे यादी हातात धरून पाळले, आणि डॉक्टरने एखादा टप्पा गाळला तर त्याला तिथेच थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात रक्तातील संसर्गाचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने उतरले. त्यासाठी एकही नवे औषध लागले नाही. जिथे रात्रपाळीत एकाच परिचारिकेकडे कितीतरी अत्यवस्थ रुग्ण असतात, तिथे मात्र यादी भिंतीवर लटकत राहते आणि हातमोजे न बदलता हात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात. त्या परिचारिकेला प्रशिक्षणाचा आणखी एक दिवस देऊन काही साधत नाही. तिच्या जोडीला दुसरी परिचारिका द्यावी लागते, आणि ते राष्ट्रीय धोरणाचे काम आहे.

औषधविवेक

आपल्या कळकळीविषयी मला आदर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. प्रतिरोध निर्माण होतो तो औषधाच्या दाबाखाली. औषध दिले की संवेदनशील जंतू मरतात, प्रतिरोधी उरतात आणि तेच वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याविषयी सावध केले होते. माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा बराच मोठा भाग रुग्णालयाबाहेर, सर्दी-खोकला आणि तापासाठी खर्च होतो. अतिदक्षता विभाग कितीही स्वच्छ ठेवला, तरी दारातून आत येणारा रुग्ण आतड्यात प्रतिरोधी जंतू घेऊनच येत असेल, तर आपण उगम सोडून मुखाशी बांध घालत आहोत.

इंग्लंडचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तिथे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातील जंतूने होणारा अतिसार २००६ नंतर झपाट्याने, सुमारे ऐंशी टक्क्यांनी, कमी झाला आणि त्याचे श्रेय स्वाभाविकपणे स्वच्छतेच्या मोहिमेला दिले गेले. पुढे या जंतूंचा जनुकीय अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की फ्लुरोक्विनोलोन या प्रतिजैविकांच्या गटाला प्रतिरोधी असलेले प्रकार नाहीसे झाले होते, पण त्या औषधांना संवेदनशील असलेल्या प्रकारांचे प्रमाण फारसे बदलले नव्हते. स्वच्छतेमुळे घट झाली असती, तर दोन्ही प्रकार सारखेच कमी झाले असते. घट झाली ती फ्लुरोक्विनोलोनचा वापर आटोक्यात आणल्यामुळे. शिवाय अल्कोहोलयुक्त द्रवाने हात चोळून या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक सुप्त रूपे, मरत नाहीत, हे आपण जाणताच.

स्वीडनने १९९५ पासून ‘स्ट्रामा’ या जाळ्याद्वारे डॉक्टरांना त्यांच्याच औषधलेखनाचे आकडे दाखवून वापर सातत्याने कमी ठेवला. दक्षिण कोरियाने २००० साली औषध लिहिणारा आणि औषध विकणारा वेगळा केला, आणि विषाणुजन्य आजारांत लिहिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे प्रमाण घटले. धोरण म्हणतात ते याला. लिहिणाऱ्याचे हित औषधाच्या विक्रीत गुंतलेले असेल, तर कोणतीही हातधुणी ते सोडवू शकत नाही.

शुश्रूषा

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलविषयी आपण दिलेला पुरावा भक्कम आहे आणि मी तो नाकारत नाही. पण त्याच देशात, त्याच काळात, एमआरएसएचे, म्हणजे मेथिसिलिन गटाच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूचे, काय झाले तेही पाहावे. इंग्लंडने २००१ पासून रक्तातील एमआरएसएची नोंद प्रत्येक सरकारी रुग्णालयसमूहाला सक्तीची केली, २००४ मध्ये हे प्रमाण २००८ पर्यंत निम्मे करण्याचे लक्ष्य दिले आणि ते निम्म्याहून खाली गेले. नेदरलँड्समध्ये परदेशी रुग्णालयातून येणाऱ्या रुग्णाला तपासणीचा अहवाल येईपर्यंत वेगळे ठेवतात, जंतू सापडला तर त्याचा मागोवा घेऊन तो काढून टाकतात, आणि रुग्णालयांतील एमआरएसएचे प्रमाण तिथे दशकानुदशके अत्यल्प राहिले आहे. नेदरलँड्समध्ये औषधांचा वापरही कमी आहे, हे खरे. पण सहज संसर्ग होऊ शकणाऱ्या रुग्णापर्यंत जंतू पोचतो तो कुणाच्या तरी हातावरून, नळीवरून किंवा बेसिनमधून.

बेसिनचा उल्लेख मी मुद्दाम करते. अतिदक्षता विभागातील हात धुण्याच्या बेसिनखालच्या वाकलेल्या नळीत कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकांनाही दाद न देणारे जंतू चिकट थर करून राहतात, हे अनेक उद्रेकांत दिसून आले आहे. नळ सोडला की पाण्याचे शिंतोडे आजूबाजूला उडतात, आणि शेजारच्याच ओट्यावर कोणी इंजेक्शनची औषधे तयार करत असेल तर तो जंतू थेट शिरेत जातो. लिहिणाऱ्याचे हित आणि विकणाऱ्याचे हित वेगळे केल्याने तो ओटा हलत नाही. रुग्णालय बांधतानाच बेसिन आणि औषधाचा ओटा यांत अंतर किंवा आडपडदा असावा, असा नियम परवान्याच्या अटींत लागतो.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे विचारात घ्यावी. जिथे डॉक्टर दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर आहे, तिथे औषधविक्रीवरची कडक बंदी न्यूमोनिया झालेल्या बालकाला अमॉक्सिसिलिन या साध्या प्रतिजैविकापासून दूर ठेवते. औषध वेळेवर न मिळाल्याने होणारे मृत्यू हाही याच प्रश्नाचा भाग आहे. संसर्ग-प्रतिबंधाने मात्र कुणाचेही औषध हिरावले जात नाही.

आकडेशास्त्री

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत आहेत, ती म्हणजे आपण जे मोजतो ते खरे असते. इथेच राष्ट्रीय धोरणे फसतात. रुग्णालयजन्य संसर्गाला दंड लावला की संसर्ग कमी होतो, असे समजून अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने ऑक्टोबर २००८ पासून काही टाळता येण्याजोग्या संसर्गांचा वाढीव खर्च देणे बंद केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या निर्णयाचा संसर्गाच्या दरावर मोजता येईल असा परिणाम आढळला नाही. जे प्रमाण आधीच उतरत होते, ते त्याच गतीने उतरत राहिले.

आणि जिथे प्रयोगशाळाच नाही, तिथे दंडाचा परिणाम उलटा होतो. रक्ताचा कल्चर (रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवला नाही की जंतू सापडत नाही, जंतू सापडला नाही की संसर्गाची नोंद होत नाही, आणि वर्षअखेरीस ते रुग्णालय तक्त्यात सर्वांत स्वच्छ ठरते. जे रुग्णालय प्रामाणिकपणे तपासते, तेच बदनाम होते. म्हणून कोणत्याही देशाने संसर्गाचे आकडे जाहीर करण्याची सक्ती करण्यापूर्वी, दर हजार रुग्णदिवसांमागे (एका रुग्णाचा रुग्णालयातील एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस) किती रक्तकल्चर पाठवले गेले हा आकडा त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात छापण्याची सक्ती करावी. तो फारच कमी असेल, तर संसर्गाचा आकडा वाचूच नये.

माझ्या मते पहिला निधी या दोन्हींपैकी कशालाही न देता सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला द्यावा. औषधविवेक म्हणतात तसे औषध थांबवायचे असेल, तरी तिसऱ्या दिवशी कल्चरचा अहवाल हातात असल्याशिवाय कोणता डॉक्टर अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारे व्यापक औषध सोडून साध्या औषधावर येईल?

पशुवैद्यक

चर्चा पूर्णपणे रुग्णालयाच्या भिंतींआड चालली आहे, म्हणून थोडेसे. स्वीडनने १९८६ साली आणि युरोपीय संघाने २००६ पासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर बंदी घातली. कोलिस्टिन या प्रतिजैविकाला प्रतिरोध देणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये वराहांत व माणसांत सापडल्याचे जाहीर झाले. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा कोलिस्टिनचा वापर थांबवला आणि त्यानंतर जनावरांत व माणसांतही या जनुकाचे प्रमाण घटल्याचे दिसले. शुश्रूषाताई, ज्या जंतूवर आपण अतिदक्षता विभागात शेवटचे औषध म्हणून कोलिस्टिन देता, त्याचा प्रतिरोध गोठ्यात तयार होत असेल, तर बेसिन कितीही दूर हलवले तरी उपयोग मर्यादितच राहणार.

शुश्रूषा

खाद्यातील वापरावर बंदी हवीच. त्यासाठी कायदा पुरेसा आहे, फार मोठा खर्च लागत नाही, म्हणून पहिल्या निधीच्या वादात मी तो मुद्दा आणला नाही.

आकडेशास्त्रींची रकान्याची सूचना मला पटते. प्रयोगशाळा आधी की संसर्ग-नियंत्रण आधी, हा क्रम मात्र मला मान्य नाही. प्रयोगशाळा उभी राहून विश्वासार्ह होईपर्यंत काही वर्षे जातात. त्या काळात शौचालय, साबण आणि पाणी नसलेल्या प्रसूतिकक्षात बाळंतिणींनी वाट पाहायची का? झेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ साली व्हिएन्नात क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि प्रसूतिज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, तेव्हा जंतुसिद्धांतही मान्य झालेला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय बैठकीने स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात, २०३० पर्यंत सर्व देशांतील सर्व आरोग्यसंस्थांत पाणी व स्वच्छतेच्या मूलभूत सोयी असाव्यात आणि ९० टक्के देशांनी संसर्ग-नियंत्रणाच्या किमान अटी पूर्ण कराव्यात, असे म्हटले आहे. २०२३-२४ मध्ये त्या सर्व अटी पूर्ण करणारे देश अवघे ६ टक्के होते. एवढी दरी औषधांच्या दुकानावर पाटी लावून भरत नाही.

औषधविवेक

त्याच जाहीरनाम्यात माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के ‘ॲक्सेस’ गटातील, म्हणजे प्रतिरोधाचा धोका तुलनेने कमी असलेली, असावीत असेही लिहिले आहे, हे नमूद करतो. अमॉक्सिसिलिन याच गटात येते. त्यामुळे बालकाचे औषध हिरावले जाईल ही भीती बंदी सरसकट असेल तरच खरी ठरते. अमॉक्सिसिलिन प्रशिक्षित आरोग्यसेविकेच्या हाती द्यावे आणि राखीव, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून ठेवलेली, औषधे तज्ज्ञाच्या सहीशिवाय देऊ नयेत, असा नियम कोणत्याही देशाला करता येईल.

आता मी आपल्याच शस्त्रक्रियागृहातले उदाहरण घेतो. जखमेत संसर्ग होऊ नये म्हणून चीर देण्यापूर्वी एक मात्रा दिली की बहुतेक शस्त्रक्रियांत ती पुरते, आणि शस्त्रक्रिया संपल्यावर ती पुढे चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितले आहे. तरीही कितीतरी ठिकाणी टाके निघेपर्यंत इंजेक्शने आणि गोळ्या चालू असतात. हे थांबवायला नवी इमारत लागत नाही, परिचारिका लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. एक आदेश आणि महिन्याला केसपेपरची तपासणी एवढ्यावर ते उद्या सुरू होऊ शकते. निधी मर्यादित असताना बिनखर्चाचे काम आधी का करू नये?

शुश्रूषा

कारण त्या गोळ्या अज्ञानापोटी क्वचितच लिहिल्या जातात. शल्यचिकित्सकाला एक मात्रा पुरते हे ठाऊक असते. त्याला आपल्या ऑटोक्लेव्हवर (उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर), शस्त्रक्रियागृहातील हवेवर आणि वॉर्डातील ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर विश्वास नसतो. जखम चिघळली तर नातेवाईक त्यालाच जाब विचारतात, मग तो पाच दिवसांचे औषध लिहून स्वतःपुरती तजवीज करतो. आपला आदेश निघाला तर तीच औषधे केसपेपरवर न लिहिता घरी जाताना वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली जातील.

आपला आदेश मी स्वीकारते, पण त्याला एक अट जोडावी. ज्या रुग्णालयात ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवली जाते, जैविक निर्देशकाने, म्हणजे जंतूंचे बीजाणू आत ठेवून ते मेले का हे पाहून, त्याची ठरावीक काळाने तपासणी होते आणि शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांपर्यंत रुग्णाशी संपर्क ठेवून जखमेचे काय झाले ते लिहिले जाते, तिथे तो आदेश पहिल्या दिवसापासून लागू करावा. जिथे हे होत नाही, तिथे सरकारने आधी यासाठीची माणसे द्यावीत, मुदत ठरवावी आणि मगच केसपेपर तपासायला यावे.

औषधविवेक

मुदत एक वर्षाहून अधिक नसेल आणि ती राजपत्रात छापली जाणार असेल, तर ही अट मला चालेल. मुदत मोकळी सोडली, तर ऑटोक्लेव्हची नोंदवही कधीच पुरी होणार नाही आणि पाच दिवसांच्या गोळ्याही बंद होणार नाहीत.