पुणं सोडता तं सोडा, पण कोकणात कायले?

पूर्णाकाठ :
पुण्या-मुंबईत पंधरा-वीस वर्षं काढलेली आपल्या वऱ्हाडाकडची मंडळी शहराला कंटाळली की हल्ली गावाकडे न येता कोकणात जमिनी बघतात. गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला. दर्यापूर-अकोट-तेल्हाऱ्याचं वावर विकायचं आणि त्या पैशात समुद्राजवळ दहा-वीस गुंठे घ्यायचे. माझ्या मते हा सौदा आतबट्ट्याचा आहे. वावर एकदा गेलं की परत येत नाही. तिकडच्या घराला खारी हवा खाते, हे घेणाऱ्याला चार-पाच वर्षांनी कळतं. आणि म्हातारे आईबाप, सोयरे-धायरे सगळे इकडे. अकोल्याहून कुडाळ म्हणजे रेल्वेनं अख्खा दिवस, तोही नागपूर-मडगाव विशेष गाडी त्या आठवड्यात चालू असेल तर. शहर सोडायचं तर खुशाल सोडा, पण आपल्या तालुक्याच्या गावी या. विरोधी मत आकड्यांसकट मांडा. 'तिकडे शांतता आहे' हे कारण चालणार नाही. पोळा आणि निवडणूक सोडली तर शांतता आपल्याकडेही भरपूर आहे.

गडगा :
विरोध माझा. पूर्णाकाठ भाऊ, अकोल्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही दोन पावसांत तीन आठवड्यांची दांडी मारून. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी अकरा ते पाच माणूस घरात कोंडला जातो. किनाऱ्यावर ३३-३४. घरून काम करणाऱ्याला किंवा पेन्शनवर जगणाऱ्याला हा फरक रोजचा आहे. शिवाय परत गावी येऊन तो करणार काय? कोरडवाहू कापूस-सोयाबीन? जे करताना त्याच्या बापानं त्याला पुण्याला पाठवलं, तेच?

रोही :
गडगाताई, गर्मीचं आयका. आपल्याकडं ४५ डिग्री असते, पण हवा कोरडी. वाळ्याच्या ताट्या लावून कुलर सुरू केला का खोली दहा-बारा डिग्री खाली येते, बिल पंख्यापेक्षा थोडंसंच जास्त. तिकडं ३३ डिग्री, पण हवेत आधीच पाणी भरलेलं. ताटीवरचं पाणी उडतच नाई तं हवा गार कशी होईल? कुलर तिथं गादी ओली करते, बाकी काई नाई. मंग लोकं एसी घेतात, अन् खाऱ्या हवेनं बाहेरच्या डब्याच्या जाळ्या तीन-चार वर्षात पिठासारख्या झडतात. सामानात कुलर बांधून नेऊ नका, एवढंच सांगतो.

गडगा :
कुलर मी नेणारच नाही. तिकडच्या जुन्या घरांना एसीची गरज नव्हती, कारण छप्पर उंच, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, भोवती पडवी, त्यामुळे भिंतीवर ऊन पडत नाही. बिघडतं कुठे, तर पुण्याचा माणूस पुण्याचाच सपाट स्लॅबचा बंगला तिकडे बांधतो.

चुना-विटा :
बांधकामाचा विषय निघालाच आहे तर नीट बोलू. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत स्लॅब फुटतो, त्याचं कारण मीठ. हवेतला क्लोराइड काँक्रीटमधून हळूहळू आत उतरतो, सळईवरचा संरक्षक थर मोडतो, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून पोपडे पडतात. आपल्याकडे स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर (सळई झाकणारं काँक्रीट) देऊन मोकळे होतात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेत किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागतं, थेट तुषार उडत असतील तर एम-३५ आणि ५०. फक्त कव्हर वाढवून भागत नाही. पाणी जास्त घातलेलं काँक्रीट सच्छिद्र होतं, मीठ दुप्पट वेगानं आत जातं. खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ पहिल्याच दिवशी आत. तिकडे स्वस्तात वाळू देणारा हमखास भेटतो, त्याला नको म्हणा.

सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे स्लॅबच टाकू नये. जांभ्याचा चिरा (साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच), वर उतरतं कौलारू छप्पर. उतार ३० अंशांच्या आसपास, कमी ठेवलात तर वाऱ्यासोबत पाऊस कौलाखालून आत येतो. पागोळ्या भिंतीपासून तीन फूट बाहेर पडल्या पाहिजेत, कारण चिरा पाणी पितो. पावसाळी वारा येतो त्या नैऋत्येच्या भिंतीला बाहेरून गिलावा किंवा वर पडवी हवीच, नाहीतर ऑगस्टमध्ये आतल्या कपाटाला बुरशी. बिजागऱ्या, कड्या, नळ ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ वर डाग पडतात. खिडक्या यूपीव्हीसी किंवा सागाच्या.

पूर्णाकाठ भाऊ म्हणतात तेवढं आपलं घरही बिनघोर नाही, हेही नोंदवतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. उथळ पायावर बांधलेल्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते ती त्यामुळेच. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेणं, भोवती मुरूम भरणं आणि प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), हा खर्च कोकणच्या कातळावर लागत नाही. तिकडे पाया स्वस्त, छप्पर महाग. इकडे उलटं.

पूर्णाकाठ :
छपराचा विषय तर वेगळाच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडात छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. घरून काम करणारा तेव्हा काय करतो?

गडगा :
गारपीट आणि वीज पडणं आपल्याकडे नाही का? पण मान्य, वादळ मोठं संकट. म्हणून कौलाचे शेवटचे दोन थर, कोना आणि पागोळीजवळचे, सिमेंटनं किंवा तारेनं बांधतात, वासे भिंतीतल्या पट्ट्यांना बोल्टनं आवळतात, नारळ घरापासून चाळीस फुटांच्या आत लावत नाहीत. इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या आणि नेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी, एवढी तयारी हवी.

सातबारा :
घर पुढचं, आधी कागद. बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. आपल्याला विदर्भाचा १९५८ चा कुळकायदा लागतो, कोकणाला १९४८ चा (तिथलं कलम ६३), पण विदर्भातल्या सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस कोकणात शेतकरी म्हणून खरेदी करू शकतो. म्हणजे दर्यापूरचं ते वावरच तुमची तिकडची चावी. लोक काय करतात? आधी वावर विकतात, पैसे बँकेत ठेवतात, मग वर्षभरानं कोकणात जमीन पसंत पडते, आणि नोंदणीच्या वेळी शेतकरी असल्याचा पुरावा मागितला की घाम फुटतो. बहिणींनी भावांना हक्कसोड करून दिला असेल आणि नवऱ्याच्या नावे शेती नसेल तर त्यांचंही तेच. क्रम असा: थोडी का होईना जमीन स्वतःच्या नावे राहू द्या, तिकडची खरेदी आणि फेरफार मंजूर होऊ द्या, मगच इकडचं विका.

दुसरं, सामाईक सातबारा. आपल्याकडे चार-सहा नावं असतात. तिकडे एका सव्वा एकराच्या तुकड्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद नाही. दलाल म्हणतो, 'एका हिश्शाचं खरेदीखत करू, बाकीचे काही म्हणणार नाहीत.' ते म्हणतात. घर अर्ध्यावर आलं की म्हणतात. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे वाटप झालेला, पोटहिस्सा मोजलेला आणि 'क' प्रतीचा (सरकारी मोजणीचा) नकाशा हातात असलेलाच तुकडा घ्या.

तिसरं, 'इतर हक्क' रकाना. कुळाची नोंद, वनसंज्ञा (कागदोपत्री जंगल), खाजगी वन असं काही दिसलं तर थांबा. कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली कुळाला मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ ची अट असते. दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून विकता येते; रक्कम किरकोळ असते, पण ती न भरता झालेला व्यवहार गोत्यात येतो.

आणि समुद्राचं वेड असलेल्यांसाठी: भरतीरेषेपासून ५०० मीटर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. दलाल 'सी-व्ह्यू' म्हणून दाखवतो ती जागा बहुतेक वेळा तिथलीच असते. मंजूर किनारा आराखड्याच्या नकाशात तुमचा गट नंबर स्वतः बघा, त्याच्या मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. रस्त्याचंही तसंच. प्रत्यक्षात गाडी जाते म्हणजे वाट आहे असं नाही, गाव नकाशावर ती वाट हवी.

रोही :
म्हणजे वावर इकायचंच नाई असं तुमीच म्हणून राह्यले ना सातबाराभाऊ? मंग पूर्णाकाठ जिंकला.

सातबारा :
जिंकला-हरला मी सांगितलं नाही. क्रम सांगितला.

मृग बहार :
शेतीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. 'आमच्याकडे संत्र्याची बाग होती, आंबा काय अवघड' हा गैरसमज मोर्शी-वरुडकडे फार आहे. संत्रा ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० झाडं, हापूस १० बाय १० वर एकरी ४०. संत्र्याला काळ्या-मध्यम जमिनीत पाणी तोडून ताण देता येतो, बहार आपल्या हातात राहतो. हापूस कातळावर, मुळाशी माती कमी, आणि मोहर थंडीवर अवलंबून. थंडी लांबली की मोहर लांबतो, आणि उशिरा तयार झालेलं फळ पावसात सापडतं. मोहर संरक्षणाचं वेळापत्रक साधारण सहा फवारण्यांचं, दर पंधरवड्याला एक: तुडतुडे, फुलकिडी, भुरी, करपा. कातळावर एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा ब्रेकर लावून फोडावा लागतो, माती बाहेरून आणून भरावी लागते. मग पाच-सहा वर्षं थांबायचं. हापूस एक वर्षाआड फळतो तो वेगळाच.

कोकणात नवखा माणूस तग धरतो तो काजूवर. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं, ७ बाय ७ मीटरवर एकरी ८०, तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी हातात. पालवी-मोहराच्या वेळी ढेकण्या (रस शोषणारी कीड) साठी फवारणी चुकवली नाही तर बाकी फार लाड नाहीत. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांना कंटाळून जाणाऱ्यांनी मात्र वानरांची चौकशी करून जावं. कुंपण रोह्याला अडवतं, वानराला नाही.

रोही :
ताई, नाव घेऊन बोलले तं वाईट वाटते!

पूर्णाकाठ :
बरं. शेवटचा आणि माझ्या मते खरा मुद्दा पाण्याचा. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या दोन्ही काठांना जमिनीखालचं पाणी खारं, बोअर कितीही खोल न्या, खारंच. त्यातून सुटायचं म्हणून माणूस बाहेर पडतो आणि समुद्राकाठी जाऊन बसतो? तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही तिकडे एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतात.

गडगा :
टँकर लागतात, खरं आहे. जांभा चाळणीसारखा, पाणी मुरतं आणि तसंच उतारानं समुद्राकडे निघून जातं. पण दोन्ही खारेपणांत मोठा फरक आहे. आपल्याकडे क्षार मातीत आणि गाळाच्या थरातच बसलेले, वर काहीही केलं तरी खालचं पाणी गोडं होत नाही. किनाऱ्यावर गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. विहिरीतली पातळी उपसून एक फूट खाली गेली तर खालचं खारं पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकतं. म्हणून तिकडे बोअर हा घात, आणि जास्त ताकदीचा पंपही. उथळ, रुंद विहीर, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, पाऊण तास चालवून तीन-चार तास विश्रांती, आणि छपराचं पाणी टाकीत. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. त्यातलं वीस हजार साठवलं तरी चार माणसांचं पिण्या-स्वयंपाकाचं पाणी मे अखेरपर्यंत सुटतं. आपल्या सातशे मिलिमीटरवर त्याच छपराला सत्तर हजार, हेही लक्षात घ्या.

चुना-विटा :
संडासाची टाकी विहिरीपासून किमान साठ फूट आणि उताराच्या खालच्या बाजूला. काळ्या मातीत घाण पाणी हळू सरकतं, जांभ्यात धावतं.

पूर्णाकाठ :
वीस हजार लिटरची टाकी इथे बांधली तर इथेही भरते, ताई. सत्तरातून वीस काढणं अवघड नाही. म्हणजे तुमचाच हिशेब गावी राहायच्या बाजूनं जातो. आणि दवाखाना? वर्धेला सेवाग्राम, सावंगी, पुढे नागपूर. सिंधुदुर्गात वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, तरी गंभीर रुग्ण आजही गोव्याला बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला हलवतात.

गडगा :
अकोटहून सेवाग्रामला किती तास लागतात ते पण लिहा ना. दवाखान्याच्या बाबतीत दोन्हीकडची खेडी सारखीच उपाशी. टाकीचं मान्य. पण टाकीनं पिण्याचं भागतं. उन्हाळ्यात परसात झाडं जगवायला टाकी पुरत नाही, उथळ गोडी विहीर लागते. ती तुमच्याकडे खोदून दाखवा.

सातबारा :
विहिरीच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पाच-सहाशे रुपयांत मिळतो. जमीन बघायला दिवाळीत जाऊ नका, तेव्हा सगळ्या विहिरी गोड असतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा, पंप अर्धा तास चालवायला लावा आणि आधी-नंतर दोन्ही वेळा मोजा. ५०० पर्यंत उत्तम, २००० च्या वर पिण्याला बाद. अर्ध्या तासात आकडा चढत असेल तर कागद कितीही स्वच्छ असो, ती जागा सोडा.

रोही :
अन् तोच मीटर परत येताना तेल्हाऱ्यात बोअरच्या पाण्यात बुडवून पाहा, पूर्णाकाठभाऊ. आकडा इथं टाका.

पूर्णाकाठ :
टाकतो. पण शेततळ्यातलाही टाकीन, मग बोलू.